देतोस की तोडू?

"यंदा नुसतं दटावायचं नाही. उद्या खरंच तोडून टाकतो. सुनेची गाडी तरी उभी राहील तिथं."

मोमोसे सेइझो हे आपल्या बायकोला सांगत होते, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. सुनेनं ऐकावं असं ते नव्हतंच. पण चुलीवर लाल चवळी शिजत होती, वाफ जायला खिडकी किलकिली होती, आणि बाहेर माझ्याआड सून कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं. मीही ऐकलं.

मी या अंगणातलं झाड बोलतोय, यामाबोशी. हे माझं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही.

नऊ वर्षांपूर्वी सेइझोंनी मला देवळाच्या जत्रेतून आणलं. मुळांना ओलं गोणपाट, फांदीला नावाची चिठ्ठी. चिठ्ठी वाटेत उडाली. विकणारा म्हणाला होता, जूनमध्ये पांढरी फुलं, पानगळीआधी लाल, गोड फळं. सेइझोंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ठरवलं, हे उमेच्या जातीतलं. परसात त्यांचं उमेचं आंबट फळांचं झाड आहे. ते दर हिवाळ्यात आखूड कापावं लागतं, म्हणजे लगडतं. मग मलाही तोच न्याय.

हात मात्र सफाईदार. डिसेंबर संपत आला की नव्या वर्षासाठी झाडलोट निघते, शिडी लागते, आणि माझ्या डहाळ्यांची टोकं एकजात उडतात. असा गोल होतो मी, की टपालवाला सायकल थांबवून "वा!" म्हणतो. सेइझो ऐकू न आल्यासारखं करतात आणि त्याला पुन्हा म्हणायला लावतात.

मग येते पंधरा जानेवारी. त्या सकाळी घरातला एक जण कोयता घेऊन फळझाडासमोर उभा राहतो. बुंध्यावर हलकी खाच पाडून ओरडतो, "देतोस की नाही? नाही दिलंस तर तोडीन!" दुसऱ्यानं झाडाच्या वतीनं म्हणायचं, "देतो, देतो!" मग खाचेला लाल चवळीची पेज चोपडतात. माझ्या वतीनं बोलायचं काम फुसाएबाईंचं, म्हणजे सेइझोंच्या बायकोचं. त्यांच्या तोंडून मी आठ वेळा शब्द दिला. पाळला एकदाच.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सेइझो घसरले, मनगट मोडलं, आणि ते काही लवकर जुळेना. त्या डिसेंबरात शिडी निघालीच नाही. जानेवारीत त्यांनी डाव्या हातानं कोयता उगारला. जूनमध्ये मी पांढराशुभ्र झालो, ऑक्टोबरात लाल. "बघा, डाव्या हाताचा धाक!" ते गावभर सांगत सुटले. पुढच्या डिसेंबरात हात बरा होता. कात्रीही धारदार होती.

सून चिहो गेल्या शरदात या घरात आली. बोलणं "हो" आणि "चालेल" एवढंच. "आमची सून घरात आहे की बाहेर, ते दारातली चप्पल बघून कळतं," असं फुसाएबाई शेजारणीला सांगतात.

खिडकीतलं ऐकून चिहोनं रिकामी टोपली खाली ठेवली. मला कवटाळलं वगैरे नाही. शेडजवळ माझ्या डहाळ्यांची मोळी होती, उद्याच्या सणाच्या शेकोटीत जाळायला ठेवलेली. त्यातली एक तिनं उपसली. टोकावरची कळी गोल, बटणाएवढी. नखानं फोडली, तर आत दाटीवाटीनं बसलेले हिरवे कण. जूनची फुलं. मग ती माझ्याभोवती फिरली, फांदी फांदी वाकवून. अंगावर उरलेल्या कळ्या सगळ्या टोकदार. त्यांतून पानंच निघतात.

"आई," तिनं खिडकीतून विचारलं, "फळं आली, त्या वर्षी बाबांनी हे कापलं होतं?"

"कसं कापणार? हात गळ्यात अडकवलेला! शिडीला हात लावायचा नाही, म्हणून मीच ओरडले होते. का गं?"

"काही नाही," चिहो म्हणाली.

आज सकाळी अंगणात बर्फ कडक झालंय. सेइझोंनी कोयता परजून आणलाय. फुसाएबाईंच्या हातात पेजेचा वाडगा, पण घसा बसलेला.

"सूनबाई, माझ्याऐवजी तू बोल," त्या कुजबुजल्या. "दोनच शब्द आहेत, तेही एकच."

"बघ हं आई," मुलगा तोमोहारू म्हणाला, "तिचा महिन्याचा साठा संपायचा!"

सेइझो हसले नाहीत. कोयता बसला. दर वर्षीपेक्षा बोटभर खोल.

"बोल! देतोस की नाही?"

माझा आवाज आज तिच्याकडे होता. चिहोनं खिशातून ती डहाळी काढली, फोडलेली कळी वर येईल अशी सेइझोंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कळी डोळ्यांजवळ नेली, आणि बराच वेळ खाली आणली नाही.

मग ती बोलली.

"बाबा, मी दर वर्षी देतो. तुम्ही डिसेंबरात कापून नेता."