बँडमागची लाल मोटार

मी बोलतेय, पण भरभर ऐका, मला उभं राहणं सोसत नाही. मी उघड्या टपाची, दोन माणसांची इंग्रजी मोटार. सुसाट धावायला घडवलेली. देवळालीचा एक लष्करी साहेब जाताना मला टाकून गेला. पुढे माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या!

१९७२ साली पुंजारामने मला भंगाराच्या भावात घेतलं. तो सातपूरच्या कारखान्यात लेथवर होता. माझे सुटे भाग कुठे मिळेनात, तेव्हा पठ्ठ्याने एकेक स्वतः कातून बसवला. दर रविवारी सकाळी त्याची धाकटी लेक लता शेजारी बसायची आणि आम्ही निफाड गाठायचो. ते रविवार आठवले की अजून जीव तळमळतो.

मग तो सिनेमा आला. त्यात हिरो अशाच लाल मोटारीतून गाणं म्हणत येतो. झालं! मला डबडं म्हणणारेच दारात येऊन उभे.

"पुंजारामभाऊ, नवरदेव घोड्यावर बसतच नाही. तुमचीच गाडी पाहिजे म्हणतो."

मला हिरव्याची लाल केली. रोज वरात. पुढे बँड, मध्ये नाचणारे, मागे मी मुंगीच्या पावलाने. इंजिन उकळायचं, क्लच जळायचा. पळणारी मोटार सगळ्यांना हवी होती, पण तिने पळलेलं कुणालाच नको होतं. रविवारही वरातींनी खाल्ले.

१९८३ मध्ये लताचं लग्न सायखेड्याला ठरलं. वऱ्हाड ट्रकमधून पुढे गेलं, नवरी माझ्यात.

"नाना, वेशीवर बँड उभा असेल. तोवर एकदा रविवारसारखी घ्या ना."

"थकलीय गं ती. वाटेत बसली तर मुहूर्त चुकायचा."

"चुकू द्या."

पुंजारामने पाय दाबला. वऱ्हाडाचा ट्रक मागे पडला, लताच्या मुंडावळ्या उडाल्या, ती लहानपणीसारखी ओरडली. वेशीवर पोचलो तेव्हा बँडवाले अजून चहा पीत होते. तिथेच माझ्या पोटात काहीतरी तुटलं. वरातीत मला ढकलत नेलं.

आता नव्या सिनेमात हिरो मोटारसायकलवर येतो. माझ्याकडे कुणी फिरकत नाही. पुंजाराम मात्र दर रविवारी शेडमध्ये येतो, कातून आणलेला एखादा भाग बसवून पाहतो. परवा इंजिन एकदा खोकलं. आम्ही दोघेही दचकलो.

तेव्हा बाबांनो, हात जोडते, इतक्यात माझ्यासारखीवर पुन्हा सिनेमा काढू नका. आम्हाला निफाडला जायचंय.