घाला माझ्या नावावर

कादंबरीकाराच्या बायकोला जन्मात कधी वेड लागलं नव्हतं. वेड लागायलाही थोडी सवड लागते, आणि तिच्यामागे शिलाई मशीन आणि कादंबरीकार अशी दोन लचांडं होती. झटके यायचे ते त्याला. आठवडा-आठवडा तो झोपायचा नाही. भिंतीतून कुणीतरी हाका मारतंय म्हणायचा, दुधात काहीतरी कालवलंय म्हणून पातेलं मोरीत ओतायचा. एकदा तर त्याने गिऱ्हाइकांचे शिवून तयार झालेले कपडे कात्रीने उभे चिरले आणि मग तीच कात्री स्वतःच्या मनगटावर धरली. बायकोने ती हिसकावून घेतली. गिऱ्हाइकांना सांगितलं, माझ्याच हातून चूक झाली.

बरा झाला की तो हे सगळं लिहायचा, आणि मेला लिहायचाही असं की वाचणाऱ्याचा जीव गलबलून यावा. पहिली कादंबरी तिला वाचून दाखवताना तो स्वतःच रडला.

"हे छापलं तर कॉलेजात मला शिकवायला कोण उभं करेल गं?"

तिला दया आली. "मग नवऱ्याच्या जागी बायको करा. घाला माझ्या नावावर. गोष्टच तर आहे."

आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

त्याने घातलं. एकदा नाही, चारदा. चारही कादंबऱ्यांत शिवणकाम करणारी बायको भिंतीशी बोलते, दूध ओतते, कपडे चिरते, आणि चौथीत तर झोपलेल्या नवऱ्याच्या गळ्याला कात्री लावते. नवरा सोशीक, अगदी देवमाणूस. कादंबरीकाराच्या गळ्यात हार पडत गेले आणि इकडे बायकोची गिऱ्हाइकं गळत गेली. शेजारीण साखळी न काढताच दार किलकिलं करायची आणि "आज कसं वाटतंय?" असं लहान मुलीला विचारावं तसं विचारायची. "अहो, मी नाही, हे आजारी आहेत," म्हटलं की लोक समजूतदारपणे मान डोलवायचे. कारण चौथ्या कादंबरीतली बायको नेमकं हेच म्हणते.

या खेपेच्या झटक्यात मात्र तो पहाटे गच्चीच्या कठड्यावर चढून उभा राहिला. तिने त्याला कंबरेला धरून खाली ओढलं आणि ठरवलं, लाज गेली खड्ड्यात, आज याला दाखल करायचं, नाहीतर हा माणूस हातचा जाईल. निघताना त्याची नजर सारखी मशीनवरच्या कात्रीकडे वळत होती. तिने ती उचलून आपल्या पर्समध्ये टाकली.

इस्पितळातली डॉक्टर तरुण मुलगी होती. कादंबरीकाराला पाहताच ती उठून उभी राहिली.

"सर, तुमची पुस्तकं वाचून तर मी या विषयाकडे वळले!" मग आवाज एकदम मऊ करून ती बायकोकडे वळली. "बसा हं, काकू. घाबरायचं नाही."

"अहो, पेशंट हे आहेत."

डॉक्टरने सरांकडे पाहिलं. सर बायकोनेच इस्त्री केलेल्या शर्टात ताठ बसले होते. वाचक समोर आला की या माणसात कुठून बळ यायचं, देव जाणे.

"पहाटे कठड्यावर चढली होती," तो हळूच म्हणाला. "कशीबशी खाली ओढली."

"अहो, काय बोलताय हे!" ती ताडकन उठली. मांडीवरची पर्स पडली आणि कात्री फरशीवर खणकन वाजली.

"यांच्या हाती लागू नये म्हणून आणली होती," ती म्हणाली. शंभर टक्के खरं होतं, आणि जगात त्याहून खोटं वाटेल असं दुसरं वाक्य नव्हतं. डॉक्टरने कात्री पायाने टेबलाखाली सरकवली आणि बेल दाबली.

दोन नर्स आल्या. ती ओरडली, तिने हातपाय झाडले, एकीला बोचकारलंही. जितकी ओरडली तितकी ती पुस्तकातल्या बाईसारखी दिसू लागली. हे तिच्याही लक्षात आलं आणि ती एकाएकी गप्प झाली.

वॉर्डच्या दाराशी कादंबरीकाराने तिचा हात हातात घेतला. तिला वाटलं, आता तरी याला पाझर फुटेल.

"खरं सांगा ना त्यांना," ती पुटपुटली. "रात्री तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

तो तिच्या कानाशी वाकला. "चारही पुस्तकांत एक उणीव राहिलीय गं. दाखल केल्यावर आत काय काय होतं, ते मला कधी लिहिता आलं नाही. नीट बघून ठेव सगळं."

"अहो, मी मरेन इथे."

"असं काय करतेस? तूच म्हणाली होतीस ना, घाला माझ्या नावावर."

आणि त्याने खिशातून रुमाल काढून तिचे डोळे पुसले. ते पाहून एका नर्सच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"असा नवरा मिळायला नशीब लागतं, काकू," ती म्हणाली, आणि तिला आत घेऊन दाराला कुलूप घातलं.