दहापासून सुरू होणारी टेप

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टेप आहे. माझे आता तुकडे झाले आहेत आणि त्यांचा अँटेना बनला आहे. पण तुमच्याशी बोलण्याइतका जीव अजून शिल्लक आहे.

होमा बे गावी, सरोवराच्या काठावर, ओगुटू होड्या बांधायचा. सरोवरात फिरणाऱ्या कितीतरी होड्या माझ्या मापाने उतरल्या. एकदा जड फळी पडून माझे टोक तुटले, पहिले दहा सेंटिमीटर गेले. नवी टेप घे, असे सगळ्यांनी सांगितले. ओगुटू म्हणाला, "तोंड तुटलंय तिचं, अक्कल नाही." तेव्हापासून तो प्रत्येक माप दहा आकडे पुढे जाऊन घेई; पन्नास हवे असतील, तर साठवर खूण करी. माझे दुसरे टोक धरणारी त्याची लेक आवुओर पाढ्यांच्या आधी हेच शिकली.

मग एका वादळात तो नवी होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. कुठे शोधायचे हे कुणालाच कळले नाही. बुडालेला माणूस सापडला नाही, तर आमच्याकडे त्याच्या नावाने यागोच्या झाडाचे लांबट फळ पुरतात. मगच घर रडून मोकळे होते. आवुओरची आई रिस्पा मात्र फळ पुरू देईना. मी पेटीत गंजत पडले. फार एकटे वाटायचे.

पुढे शाळेची विज्ञान स्पर्धा आली. होडीत आवाज पाठवणारे लहानसे यंत्र ठेवायचे आणि ती कोणत्या दिशेला आहे हे काठावरच्या अँटेनाने ओळखायचे, असे आवुओरने ठरवले. त्यासाठी वाकून पुन्हा सरळ होणारी पट्टी हवी होती. तिने पेटी उघडली, तशी रिस्पा आडवी आली.

"ते आले आणि टेप मागितली, तर काय देऊ?"

"आई, बाबा कुठे आहेत हे तेव्हा कळलं असतं, तर कुणीतरी त्यांना आणलं असतं."

रिस्पा जेवली नाही. सकाळी तिने मला पुसून आवुओरच्या पेजेच्या वाडग्याशेजारी ठेवले.

मला कापले तेव्हा दुखले, खोटे कशाला सांगू? मधल्या दोन पट्ट्या विज्ञानाच्या ओदेरा सरांनी कापल्या आणि रंग खरवडून त्यांना तारा जोडल्या. या पट्ट्या आवाज घेतात. त्यांच्यापुढची पट्टी थोडी आखूड असली, तर पुढून येणारा आवाज मोठा होतो. ती आवुओरने शाळेच्या नव्या टेपने मोजून कापली. सगळ्या पट्ट्या एका प्लास्टिकच्या पाइपवर बसवल्या.

चाचणीला आवुओरचा काका यंत्र घेऊन होडीतून निघाला. अँटेना सरोवराकडे धरला, तर त्याला जोडलेला रेडिओ जेमतेम कुजबुजला. डोंगराकडे फिरवला, तर खणखणीत वाजू लागला. मुले हसली. काका डोंगरावर मासे धरायला गेलेत, असे एकजण म्हणाला. काठावर आलेली रिस्पा मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर आणखी एक होडी हरवत होती. ती घरी जायला वळली, मग थांबली.

"पोरी, माप कसं घेतलंस?"

आवुओरने हाताने दाखवले आणि तिचा हात मध्येच थांबला. नवी टेप तर अखंड होती. तरी ती बापाच्या सवयीने दहा आकडे पुढे गेली होती. पट्टी लांब झाली होती आणि लांब पट्टी पुढचा आवाज अडवते आणि मागचा वाढवते. "मी बाबांसारखं मोजलं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटले. रिस्पाही तिच्याबरोबर रडली, सगळ्यांसमोर.

जास्तीचा दहा सेंटिमीटरचा तुकडा कापला. आता सरोवराकडून स्वच्छ आवाज आला. रिस्पाने अँटेना स्वतःच्या हातात घेतला आणि काकाची होडी जाईल तसा फिरवत राहिली. होडी काठाला लागेपर्यंत तिने तो खाली ठेवला नाही. मग ती शांतपणे म्हणाली, "आता यागोचं फळ आणा."

स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला. आता मी बंदरावर असते आणि काकाच्या होडीवर कान ठेवते.

मित्रांनो, मोडकी वस्तू टाकण्याआधी ती कुणाच्या हातातली होती हे आठवा. आणि तुमचे माणूस पाण्यावर जात असेल, तर ते कुठे आहे हे कळण्याची सोय आधी करा, नंतर नको. पट्टीचा कापलेला तो दहा सेंटिमीटरचा तुकडा, माझ्या तुटलेल्या टोकाएवढाच, रिस्पाने फळाबरोबर पुरला. आता ओगुटूला पहिल्या आकड्यापासून मोजता येईल.