अंगात नसलेला धातू

वेल्डरची मुलगी ठकी सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली, पण ते काही त्याच्या गळी उतरेना. मग एका उपचारवाल्याने त्याच्या मनात भरवलं, की त्याच्या कपड्यांवरून घरात येणारा धातू पोरीच्या अंगात साठलाय. तेव्हापासून त्या उपचारवाल्याच्या सांगण्यावरून तिचं दूध बंद झालं, पाव बंद झाला आणि धातू काढायचे थेंब सुरू झाले. बाप तिला जवळसुद्धा घेईना.

एका सकाळी ठकी बाथरूमच्या दारातच कोसळली. दवाखान्यात सलाईन लागलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या अंगात कसलाही धातू साठलेला नाही. त्या थेंबांनी कॅल्शियम मात्र पार खाली गेलंय. आधी ते बंद करा."

"पुन्हा एकदा तपासा ना बाई," तो काकुळतीला आला. "असेलच कुठेतरी. माझ्यामुळेच झालंय हे."

"तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही."

त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण तो रिपोर्टचे कागद पुन्हा पुन्हा उलटून बघत राहिला. धातू असता तर निघाला तरी असता.

बायकोने त्याच्या खिशातली थेंबांची बाटली काढून बेसिनमध्ये ओतली.

"अगं, मग आता करायचं काय आपण?" तो ओरडला.

"तिला भूक लागलीये. डॉक्टरांनी दूध द्यायला सांगितलंय, घेऊन या."

ठकीने दोन्ही हातांनी कप धरून घटाघटा दूध संपवलं आणि त्याच्याकडे न बघताच रिकामा कप पुढे केला. तो आणखी आणायला निघाला आणि जिन्यातच बसून ढसाढसा रडला.