एकही तक्रार नाही

‘संकेतस्थळावरील स्पॅमविरोधी व्यवस्थेमुळे एकाही प्रामाणिक सदस्याची गैरसोय झालेली नाही. तशी एकही तक्रार आजवर प्राप्त झालेली नाही.’

राजधानी मराठी परिवाराच्या वार्षिक अहवालातली ही दोन वाक्ये कुमुदताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. हयातभर दिल्लीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवल्यामुळे सरकारी निर्धास्तपणाची भाषा त्यांच्या ओळखीची होती. दुष्काळात अन्नाची मागणी आली नाही, असे लिहिणारे अधिकारी त्यांनी दप्तरांत पाहिले होते. अर्ज फक्त कचेरीत स्वीकारला जाई आणि कचेरीपर्यंत चालण्याचे त्राण कुणात उरलेले नसे, एवढेच ते लिहायचे विसरत. इथेही पहिल्या वाक्याचा पुरावा दुसरे वाक्य होते आणि दुसऱ्याचा पुरावा म्हणजे निव्वळ शांतता. ती शांतता कुणी निर्माण केली, हे अहवालात नव्हते.

कुमुदताईंना ते ठाऊक होते. नोएडातल्या त्यांच्या सोसायटीत रविवारचा मराठी वर्ग हवा होता. परिवाराची अट अशी, की पालकांनी संकेतस्थळावर मागणी नोंदवावी. जिथून मागणी, तिथे वर्ग. सोसायटीतल्या मराठी पालकांनी ती नोंदवलीही. प्रत्येकाला एकच उत्तर मिळाले : ‘आपला संदेश स्वीकारता येत नाही. तक्रार असल्यास येथे लिहा.’ ‘येथे’वर बोट दाबले, की पुन्हा तेच उत्तर.

आज पहाडगंजातल्या भाड्याच्या सभागृहात कार्यकारिणी वर्गांची ठिकाणे ठरवणार होती. यादीत गुडगाव होते, द्वारका होती. नोएडा नव्हते.

“नोएडातून मागणीच नाही, त्याला आम्ही काय करणार?” अध्यक्ष दिनकरराव सौम्यपणे म्हणाले. “तिकडच्या मुलांना मराठी नकोच असेल.”

“तिकडचं एक मूल घरी मराठी वर्गासाठी हट्ट धरून बसलंय, अध्यक्षसाहेब. त्याची आई ही.” कुमुदताईंनी शेजारी बसलेल्या रेचल गायकवाडकडे हात केला. रेचल केंद्रीय सचिवालयात अधिकारी होती आणि रजा टाकून आली होती. “मानस त्याच्या आजीशी फोनवर हिंदीत बोलतो,” ती म्हणाली. “ती सोलापूरला फोन ठेवते आणि रडते. मला वर्ग हवाय, बस.”

संकेतस्थळ सांभाळणारा चिन्मय गुडगावच्या एका कंपनीत अभियंता होता. हे काम तो हौसेने, सुट्टीच्या दिवशी करी. “काकू, स्पॅमची गाळणी बिल्कुल फेअर आहे,” तो म्हणाला. “गोळ्यांच्या आणि लॉटरीच्या जाहिरातींनी अभिप्रायाचं पान भरून गेलं होतं, यार. इंटरनेटच्या एकाच पत्त्यावरून सारखा एकच मजकूर आला, की ती तो पत्ता बंद करते, आधीचे संदेशही परत फिरवते. माणूस बघत नाही, वागणूक बघते.”

“माणूस बघत नाही, हे तू गुण म्हणून सांगतोयस?”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसले. चिन्मयचे कान लाल झाले. त्याने लॅपटॉप उघडला, अडवलेल्या संदेशांचा ढीग वर-खाली केला आणि थांबला.

“हे बघा ना! सगळं एकाच पत्त्यावरून. आणि एकच वाक्य, शब्दाला शब्द! कोण म्हणेल ही माणसं आहेत?”

“सगळ्या सोसायटीला इंटरनेट एकाच केबलवाल्याचं,” रेचल म्हणाली. “पत्ता एकच दिसणार.”

“अच्छा, पण वाक्य?”

“वाक्य ताईंनी लिहून दिलं होतं. आमचं मराठी इथे वाचलं, की लोक हसतात. गेल्या गणपतीत माझ्या निमंत्रणाची चेष्टा याच सभागृहात झाली. म्हणून सगळ्यांनी ताईंचंच उतरवलं. चूक नको.”

कुमुदताईंनी रेचलकडे पाहिले. शुद्ध, डौलदार, कुणी बोट ठेवू नये असे ते वाक्य त्यांनी अभिमानाने रचले होते. यंत्राला यंत्र वाटावे असे बोलायला या लोकांना भाग कुणी पाडले? गाळणीच्या आधी एक गाळणी याच सभागृहात बसली होती आणि तिचे भोक बारीक करण्यात आपलाही हात होता, हे त्यांना स्वतःच्या संतापाइतकेच स्पष्ट दिसले. संताप त्यामुळे कमी झाला नाही. त्याला नेमकी दिशा मिळाली.

“शंका घेण्यात यंत्राची चूक नाही,” त्या म्हणाल्या. “शंकेवर दाद मागायला दार नसणं, हा अन्याय. तक्रारीचं पान गाळणीबाहेर काढ. अडवलेला संदेश पुसण्याआधी कुणीतरी माणसाने वाचावा. आणि मोडक्यातोडक्या मराठीला या सभागृहात यापुढे कुणी हसणार नाही, हा ठराव मी मांडते.”

दिनकररावांनी यादीवर नोएडा लिहिले, तेही सर्वांसमक्ष. चिन्मयने तिथेच बसून तक्रारीचे पान मोकळे केले आणि सोसायटीचा बंद पत्ताही उघडला. रेचलने घरी फोन लावला आणि नवऱ्याने नोंदवलेली मागणी पडद्यावर उमटली, तेव्हा पहिली टाळी चिन्मयनेच वाजवली.

“जाहीर खुलासा टाकतो, काकू. तुम्ही मसुदा देता?”

“मुळीच नाही. तुझ्या शब्दांत लिही.”

तो खुलासा संध्याकाळी संकेतस्थळावर आला. तो असा :

‘गाळणी मी बनवली. स्पॅम थांबला, पण त्याच्या बरोबर नोएडाचे लोक पण थांबले, ज्यांनी काहीच केले नव्हते. तक्रारीचे पान मी त्याच गाळणीच्या मागे ठेवले होते, आणि तक्रार येत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे मीच अहवालात लिहून दिले. एकदा फोन करून विचारू शकत होतो. विचारले नाही. चूक माझी आहे.’