दुसऱ्या डोंगरावरचे चर

साहेबांनी फाईल पुढे सरकवली तेव्हाच तिनं सांगून टाकलं, "सर, ही कामं माझ्या सख्ख्या मामांच्या हाताखाली झालीत. मला नका पाठवू."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "निम्मं ऑफिस रजेवर आहे. अहवाल वेळेत गेला नाही तर पुढचा निधी अडकतो. नातं काय ते लेखी दे आणि जा. मोजणीला दुसऱ्या ऑफिसचा माणूस देतो, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको."

ती लेखापरीक्षण खात्यात होती. जमिनीची धूप थांबवायला सरकारनं दिलेला पैसा खरोखर जमिनीवर उतरला का, हे जाऊन बघणं तिचं काम. आणि मृदसंधारण खात्यातले तिचे मामा त्याच पैशातून डोंगरउतारावर चर खणून घेत, पाणी आणि माती अडावी म्हणून. तिचे वडील गेल्यावर तिला सांभाळलं, शिकवलं, ते याच मामांनी. आता त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती.

संध्याकाळी मामांचा फोन आला. "ठकू, तूच येतेयस म्हणे. घरीच उतर. मामी विचारतेय."

"काम होईपर्यंत घरी नको, मामा."

ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि फोन ठेवला. एरवी ते तिच्या खोकल्याची, तिच्या घरमालकिणीचीसुद्धा चौकशी केल्याशिवाय ठेवत नसत.

डोंगर रस्त्याला लागूनच होता. मामा पायथ्याशी उभे होते, टोपी हातात घेऊन. मोजणीदारानं नकाशा उलगडला. पायथ्यालगत चरांच्या दोन-चार ओळी होत्या, आखीव, एका पातळीत. ती वर चढत गेली. धाप लागली तरी थांबली नाही. वर नुसता कातळ. चर सोडाच, कुदळीचा ओरखडाही नव्हता.

खाली पाहिलं तर मामा तिच्याकडेच बघत होते. आपली फी कुठून आली असेल, असा विचार मनात आला आणि तिची तिलाच लाज वाटली. पण आला तो आलाच.

खाली येऊन तिनं विचारलं, "वरचे चर कुठे आहेत?"

"आहेत. पण इथे नाहीत. चल, दाखवतो."

गाडीत मोजणीदार खिडकीबाहेर असा बघत राहिला, जसा काही तो तिथे नव्हताच.

दुसरा डोंगर एका वस्तीच्या अगदी डोक्यावर होता. त्याच्या उतारावर चरच चर, काठांवर गवत धरलेलं. खालच्या घरातली एक बाई बादली ठेवून पुढे आली. मामांना तिनं ओळखलं. "आधी दर पावसाळ्यात माती मागची भिंत ढकलून घरात यायची," ती म्हणाली. "सासूबाईंना उठता येत नाही. आम्ही आळीपाळीनं जागायचो. आता झोपतो."

मामा खाली बसले. "पहिल्या डोंगरावर मशीन लावलं, पायथा झाला आणि वर नुसता खडक लागला. जागा बदलून द्या म्हणून वरच्या ऑफिसला दोनदा पत्र पाठवलं. उत्तर नाही. पाऊस तोंडावर, इथला डोंगर सरकतोय. मशीन इकडे वळवलं."

"आणि कागदावर?"

"कागदावर डोंगर तोच ठेवला. नाहीतर बिलं निघाली नसती."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? लपवलं असतंस, नाहीतर रात्रभर रडली असतीस."

तिनं मोजणीदाराला टेप लावायला सांगितली. दुपारभर ती त्याच्यामागून फिरली. मनात एकच घोकणी चालली होती, भरू दे, सगळं भरू दे. भरलं नाही. दोन्ही डोंगरांचं मिळून काम कागदापेक्षा बरंच कमी निघालं.

मामांचा चेहरा उतरला. "इथे मशीन वर चढवायला वाट करावी लागली. त्यात गेला उरलेला पैसा."

"त्याची पावती?"

"घाईत राहिली."

वाट होती. तीही तिनं मोजून घेतली. पण त्या वाटेला किती पैसे लागले असतील हे कुणालाच सांगता येईना. ती मामांजवळ बसली. "मामा, तुम्ही म्हणता ते मला पटतंय. पण मला पटलं म्हणून ते अहवालात येणार नाही."

ते मान खाली घालून म्हणाले, "मामीला मी सांगतो. तू नको सांगूस."

तिनं सगळं लिहिलं. पहिल्या डोंगरावर काय नाही, दुसऱ्यावर काय आहे, ते काम टिकलंय, काम पूर्ण झाल्याचा मामांनी दिलेला दाखला खोटा आहे, आणि उरलेल्या खर्चाचा पुरावा मिळत नाही. परवानगीच्या पत्रांना वरून उत्तर आलं नाही, तेही. साहेबांनी ते वाक्य वाचून विचारलं, "हे ठेवायचंच का?" ती म्हणाली, "तेही तितकंच खरं आहे, सर." त्यांनी सही केली.

निवृत्तीच्या दिवशी मामांच्या ऑफिसात निरोप समारंभ झाला नाही. चौकशी लांबत गेली आणि मामांचं पेन्शन अडकून पडलं. मामीनं तिचे फोन घेणं बंद केलं. लेकीसारखी वाढवली आणि असे पांग फेडले, असं ती नातेवाइकांत बोलते, हे ठकूच्या कानावर येत राहिलं.

शेवटी निकाल लागला. मामांनी पैसे खाल्ले असं ठरलं नाही. पण खोट्या दाखल्याबद्दल ठपका आला, आणि ज्याचा हिशेब लागला नाही ती रक्कम त्यांच्याकडून कापून घेतली. वरच्या ऑफिसला, पत्रांना उत्तर का दिलं नाही, अशी विचारणा झाली. त्या विचारणेचंही उत्तर अजून आलेलं नाही.

ती घरी गेली तेव्हा मामीनं दार उघडलं आणि तशीच आत निघून गेली. मामा व्हरांड्यात बसले होते. खूप वाळले होते. "बस," म्हणाले.

"रागावलात?" तिनं विचारलं.

"तुझ्यावर नाही," ते म्हणाले. "पण ती वाट, ठकू. तुला खरंच पटलं होतं ना?"

ती हो म्हणाली. म्हणताना आपला आवाज खरा वाटला का, हे तिला कळलं नाही. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि आत बघून म्हणाले, "अगं, दोन कप चहा टाक. पोरगी आलीय."

थोड्या वेळानं आतून चहाच्या भांड्याचा आवाज झाला.