फिल्ममधली बाई

पेजेच्या टोपावरचं झाकण थडथडायला लागलं तेव्हा कुठे घरातलं कोणी हललं. तोवर आम्ही तिघं माझ्या नवऱ्याच्या, रविराजच्या मोबाईलकडे बघत बसलो होतो, फिल्म संपून स्क्रीन काळी झाली तरी. मी उठून गॅस बारीक केला.

"बाईन बरा सांगल्यान," माझे सासरे म्हणाले. "अगदी समजावन. कचेरीत बोलतत तसा."

रविराज हसला. "बाबा, ही पक्षाची फिल्म. एकाच बाजूची. दुसऱ्या बाजूचो एक तरी माणूस बोललो काय तेच्यात? असल्या फिल्मी बघून कोण मत देता? ज्यांचा आधीच ठरलला आसा, तेच बघतत आणि माना हलयतत."

"आणि ज्याचा ठराक नाय, तेना काय करूचा?"

"तेना गपचूप पेज जेवची."

बाबाही हसले. पण पेज वाढून झाल्यावर ते म्हणाले, "परत लाव बघया एकदा," आणि मी पाठ फिरवून टोप उगाच ढवळायला लागले.

कारण फिल्ममधली बाई, न दिसता नुसती ऐकू येणारी, मी होते.

माझं माहेर नांदगावचं, स्टेशनच्या मागे. लहानपणी मी गाड्यांच्या घोषणा ऐकून तशाच म्हणायची: सावकाश, शुद्ध, कोणाचीच नसल्यासारख्या. लग्नाआधी दोन वर्षं एका बँकेच्या काउंटरवर होते, तिथे तो आवाज पक्का झाला. इथे तोंडवलीच्या अलीकडच्या आमच्या वाडीत मी सासूसारखी, शेजारणीसारखीच बोलते, मालवणी. सासू गेली त्यालाही आता तीन वर्षं झाली. या घरात तो दुसरा आवाज फक्त अपूला माहीत. अपेक्षा माझी लेक, पाच वर्षांची. झोपताना म्हणते, "आई, गाडीच्या आवाजात गोष्ट सांग."

निवडणूक लागली तेव्हा रविराजचा वर्गमित्र सर्वेश घरी आला. तो लग्नांचं शूटिंग करतो, आणि मी बँकेत असताना त्याने माझा आवाज ऐकला होता. "वहिनी, किनाऱ्यावर माहितीपट करतंय, चांगलो आवाज व्हयो," म्हणाला आणि तीन पानं दिली. रविराज आणि बाबा किनाऱ्यावर होते, अपू दुपारची झोपली होती. आम्ही खोलीची खिडकी लावून, भोवती गोधड्या टांगून रेकॉर्डिंग केलं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं होतं. पाच वर्षांनी कोणीतरी मला असं काम सांगत होतं ज्यात धुणं नव्हतं. एक वाक्य होतं: "या किनाऱ्याचे मारेकरी बाहेरून आलेले नाहीत. ते इथेच राहतात, आपल्या शेजारी." मीच सर्वेशला म्हटलं, थांब, 'आपल्या शेजारी'च्या आधी जरा श्वास घेते. तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा ते असं जमलं की सर्वेशने अंगठा वर केला.

शेजारी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. कागदावर नाव नव्हतं. चित्रात मात्र होतं. त्या श्वासानंतर पडद्यावर लुईझाचं घर येतं. दाराशेजारचा पांढरा क्रूस, आणि पुढे उभी असलेली गोव्याच्या नंबरची गाडी. फिल्म सांगते की समोरचा पक्ष किनाऱ्यावर मोठं हॉटेल आणतोय आणि गावातली काही घरं त्याचे दलाल आहेत. सांगते म्हणजे मीच सांगते.

लुईझा आमच्या गडग्यापलीकडे, दगडी कुंपणाला लागूनच राहते. मी रविराजबरोबर मालवणला गेले की अपू तिच्याकडेच जेवते. तिचा नवरा आंतोन वीस वर्षं रापणीत आहे. रापण म्हणजे एका घरचं जाळं नव्हे. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं, आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. ज्याचा हात दोरीला लागला त्याला मासळीचा वाटा, मग तो कोणीही असो. ती रापण बाबांची. म्हणजे जाळं सगळ्यांचं, पण शब्द बाबांचा. म्हणूनच दोन्ही पक्षांची माणसं आमच्या पडवीत येऊन चहा पिऊन जातात, आणि बाबा दोघांनाही एकच सांगतात, "बघूया."

फिल्म फोनाफोनांवरून फिरली. मत बदललं असं कोणी म्हणेना. सगळे रविराजसारखंच बोलायचे, पक्षाची आसा रे, कोण विश्वास ठेवता. पण दुकानात आंतोन आला की बोलणं मध्येच थांबायला लागलं. एका संध्याकाळी त्यांच्या कौलांवर दगड पडला. तीन दिवसांनी आणखी एक. मी भांडी घासत होते, आवाज ऐकला आणि तशीच राखेच्या हातांनी अपूला उचलून आत आले. मला वाटलं दगड आमच्याच घरावर पडतोय, आणि तो पडायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी लुईझा गडग्याला टेकली. हातात फुटक्या कौलाचा तुकडा.

"माकड आसतला," ती म्हणाली.

"आसतला," मी म्हटलं.

"माकड बरो दगड उचलून मारता गो." ती हसली, आणि मग हसेना झाली. "ती गाडी जेरीची. माझ्या भावाची. आमच्या झिलाच्या, मेल्रॉयच्या बारशाक इल्लो तो. तू होतंस ना गो? बसान दोदोलाची वडी खाल्लंस, दोनदा मागान घेतलंस."

"होतंय."

"मगे? हॉटेल खंयसून इला? जेरी पणजेत मास्तर आसा, तेका धड सायकल घेवक जमणा नाय. ती गाडी पण मित्राची." तिने कौलाचा तुकडा गडग्यावर ठेवला, नीट, जसा काही परत लागणार होता. "माका त्या बाईक एकदा भेटाचा आसा. भांडूक नाय. नुसता इचारूक. तिका चेडवां-झील आसतले ना? तिच्या पोरांका कोणतरी सांभाळत आसतला ना?"

अपू माझ्या मांडीला चिकटून उभी होती. तिने तोंड वर केलं. मी पटकन तिच्या केसांत हात घातला आणि म्हटलं, "चल, पेज निवता तुझी." माझ्या लेकीला मी लुईझाच्या देखत गप्प केलं. हे तेव्हा फक्त मलाच कळलं, पण कळलं.

घरात आल्यावर अपू म्हणाली, "ती बाई तू ना? गाडीच्या आवाजातली?"

"कोणाक सांगू नको हां बाय."

"कित्या?"

"ती आपली गंमत आसा."

ती खूश झाली. मला मात्र त्या दिवसापासून ती अंगणात गेली तरी धडकी भरायची. दोन-तीनदा मी तिला लुईझाकडे जेवायला पाठवलंच नाही, पोट दुखतंय म्हणून सांगितलं. लुईझाने ओव्याचं पाणी करून आणून दिलं.

मग कळलं की रविवारी रापणकारांची बैठक आहे. आंतोनला दोरीवर ठेवायचं की नाही. रविराजने जेवताना सांगितलं, मान खाली घालून. "काय नाय, पोरग्यांची बडबड. बाबा सांगतले तसा होतला."

"आणि तुमी काय सांगतलास?" मी विचारलं.

"मी? मी काय सांगतलंय. निवडणूक संपली की सगळा गप होतला."

बाबांचं ठरलेलं नव्हतं. ते मला दिसत होतं. ते पडवीत जाळं शिवायचे, आणि मध्येच रविराजचा फोन मागून फिल्म लावायचे. माझा आवाज दिवसातून दोनदा, तीनदा पडवीतून स्वयंपाकघरात यायचा, आणि प्रत्येक वेळी तो श्वास आला की मी हातातलं काम सोडून उभी राहायची. त्या श्वासात कितीतरी जागा होती. मीच केलेली.

शनिवारी सकाळी रविराज होडीवर गेला, अपू बाहेर शंखांशी खेळत होती. मी ठरवलं. बाबा सरळ माणूस आहे. ती बाई कोणी अभ्यास केलेली नाही, समोरचा कागद वाचणारी त्यांची सूनच आहे, हे कळलं की फिल्ममधली हवाच निघून जाईल. मला रागावतील, सर्वेशला शिव्या देतील, पण आंतोनचा हात दोरीवर राहील.

"बाबा, त्या फिल्ममधली बाई मी."

त्यांनी सुईवरून नजर वर केली नाही. "होय तर. आणि मी पंतप्रधान."

मग मी उभी राहिले आणि ते वाक्य म्हटलं. त्याच आवाजात, त्याच श्वासासकट. आपल्या शेजारी.

सुई थांबली. बाबा माझ्याकडे बघत राहिले, एखादा अनोळखी माणूस घरात शिरावा तसे. मी खांब धरला.

"तू?"

"सर्वेशान कागद दिलो, मी वाचलंय. माका काय म्हायती नव्हता. घर दाखवतले ह्या सांगूक नाय तेना. सगळा खोटा आसा बाबा. ती गाडी जेरीची, बारशाक इल्ली."

त्यांनी जाळं मांडीवरून बाजूला सारलं. मग हळूच, जवळजवळ मायेने म्हणाले, "इतके दिस माझा मन घट होय नव्हता, कित्या म्हायती आसा? मी म्हणी होतंय, खंयची कोण बाई ही. तिका आमच्या किनाऱ्याचा काय कळता. भाड्याची आसतली. म्हणान मी 'बघूया' म्हणी होतंय."

"तसाच आसा बाबा, मी पण..."

"तू भाड्याची?" ते म्हणाले. "तू माझ्या घरची सून. रोज त्यांच्या दारात तू. त्यांचा काय शिजता, कोण येता, कोण जाता, सगळा तुका ठावक. आणि तू सांगतंस म्हणजे..."

"मी सांगूक नाय! वाचलंय फक्त!"

"शिकललां माणूस खोटा कशाक वाचतला?"

उत्तर होतं. मला बरं वाटलं म्हणून वाचलं, आवाज चांगला आहे असं कोणी म्हणालं म्हणून वाचलं. ते सासऱ्यांना कसं सांगायचं? मी नुसतं "खोटा आसा, खोटा आसा" म्हणत राहिले आणि रडायला लागले.

"आता तुका लुईझाची दया येता," बाबा म्हणाले. "ता बरोबर आसा. बायल माणसाक येवकच व्हयी." आणि त्यांनी सुई परत जाळ्यात घातली.

मी खरं सांगून त्यांचा फिल्मवरचा विश्वास घालवायला गेले होते, आणि तो पक्का करून आले. दिवसभर मी लुईझाच्या गडग्यापर्यंत चार वेळा गेले आणि परत फिरले.

रविवारच्या बैठकीत काय झालं ते रविराजने सांगितलं नाही. घरी येऊन त्याने बाबांना फक्त विचारलं, "मगे बाबा, मत फिल्मवाल्यांकाच?"

"बघूया," बाबा म्हणाले. मताचं त्यांनी अजूनही ठरवलेलं नाही.

सोमवारी सकाळी रापण लागली. मी अपूला घेऊन किनाऱ्यावर गेले. जाळं आत सोडून होडी परत आली होती, दोन्ही टोकांवर माणसं दोर कमरेला लावून मागे मागे सरत होती. पलीकडच्या होमस्टेतला एक पर्यटक, बहुधा पुण्याचा, टोपी उलटी घालून हौसेने दोरीला लोंबकळला होता आणि बायको त्याचा व्हिडिओ काढत होती. पोरं त्याला हसत होती. "जोरान ओढ रे साहेबा, बांगडो मिळतलो तुका!" आणि मिळणारही होता. हात लागला म्हणजे वाटा.

आंतोन नेहमीसारखा आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, हाताला वाळू चोळली, आणि आपल्या नेहमीच्या जागी, रविराजच्या मागे दोरीकडे हात केला.

"आंतोन," बाबा म्हणाले. त्याच्याकडे न बघता, समुद्राकडे बघून. "आज रवान दे. माणसां पुरी आसत."

आंतोनचा हात तसाच हवेत राहिला. सगळ्यांनी ऐकलं होतं. कोणी वर बघितलं नाही. मी रविराजकडे बघत होते. बघ की, वळ की, काहीतरी बोल. त्याने टाच वाळूत रुतवली आणि दोर ओढला.

"बरा," आंतोन म्हणाला. पँट खाली न सोडताच तो वळला आणि माडांच्या दिशेने चालायला लागला. वर, वाटेच्या तोंडाशी, लुईझा टोपली घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिला कोणी सांगितलं असेल का? बैठकीत माझं नाव निघालं असेल का? मी अपूचा हात इतका घट्ट धरला की ती कळवळली.

"आई, दुखता! आंतोनकाका खंय गेलो? तेका मासे नको?"

"चल घरी."

"तेका कित्या पाठवल्यानी? तू गोष्ट सांगलंस म्हणान?"

मी खाली बसले, तिच्या तोंडासमोर तोंड आणलं. तिच्या गालाला वाळू लागली होती, ती पुसली. पुसत राहिले.

ती माझ्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, आपली गंमत कोणाला कळू नये म्हणून:

"मगे आता त्याच आवाजात उलटा सांग ना. आंतोनकाका बरो आसा म्हणान. तू सांगलंस तर आयकतले ना गो आई?"